मराठीतील लघुत्ववाचक रूपे : आकार, अनुकंपा आणि अवज्ञा

मराठीतील लघुत्ववाचक रूपांचा विचार बहुधा लोटा–लोटी, दांडा–दांडी, डबा–डबी अशा जोड्यांपाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. पुल्लिंगी रूप मोठ्या वस्तूचे, स्त्रीलिंगी लहान वस्तूचे, असा सोयीस्कर नियम त्यातून काढला जातो. परंतु विळी विळ्याहून लहान असतेच असे नाही. विळा शेतातला, विळी स्वयंपाकघरातली. आगगाडीला तर कोणी लहान गाडा म्हणणार नाही. आकार हा या रूपांचा एक अर्थ आहे, एकमेव नव्हे.

पाणिनीने ही गुंतागुंत ओळखली होती. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायातील तिसऱ्या पादात ‘अल्पे’ आणि ‘ह्रस्वे’ ही सूत्रे आहेत खरी. पण त्यांच्या आधी ‘कुत्सिते’ आणि ‘अनुकम्पायाम्’ येतात. एकच ‘क’ प्रत्यय तिरस्कार दाखवतो आणि कळवळाही. अनुकंपेने देवदत्ताचा ‘देविक’ वा ‘देविल’ होतो; नावाचा दुसऱ्या स्वरापुढील भाग गळून पडतो. विठ्ठलाचा विठू होताना घडते ते याहून फारसे निराळे नाही.

बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंशातील ‘अड’, ‘उल्ल’ हे प्रत्यय स्वार्थिक, म्हणजे अर्थात भर न घालणारे, म्हणून नोंदवले. सानुला, तान्हुला यांतील ‘उला’ त्याच कुळातला. (देऊळ, राऊळ यांचा येथे संबंध नाही, त्यांतील ‘ऊळ’ हे ‘कुल’ आहे.) ‘स्वार्थिक’ ही संज्ञा मात्र व्याकरणकाराची सोय म्हणावी लागेल. बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, यांच्यातील अंतर हाच अशा प्रत्ययांचा अर्थ असतो, आणि शब्द सुटा काढला की तो दिसेनासा होतो.

व्यक्तिनामांत हे अंतर उघडे पडते. शूद्राचे नाव जुगुप्सित असावे, असे मनुस्मृती (२.३१) सांगते, गावगाड्याला त्यासाठी वेगळे नाव शोधण्याची गरज नव्हती, महादेवाचा म्हाद्या केला की काम भागत असे. घरात भीमरावाचा ‘भिवा’ होतो तेव्हा ते लाड असतात. चावडीवर तसेच आखूड केलेले नाव हुकूम होते. रूपावरून यांतले काहीच ठरत नाही. कोण कोणाला हाक मारतो, एवढ्यावरच ते ठरते.

म्हणूनच जनाबाईच्या नावावरील अभंगात येणारे ‘विठ्या’ हे संबोधन केवळ सलगीचे मानणे अपुरे आहे. स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी स्त्री धन्याच्या तोंडचे रूप उचलते आणि ते देवाला लावते.