वेगळी पंगत नाकारणाऱ्या जाईबाई चौधरी

दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाची भाषणे होतात. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी जाहीरनामा मंजूर केला आणि तिथून हक्कांची भाषा आपल्याकडे आली, असे त्यांत सांगितले जाते. आम्हाला हा इतिहास मान्य नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर माणुसकीचा हक्क बजावला गेला, तेव्हा हा जाहीरनामा कुठे होता? आणि त्याच्या दहा वर्षे आधी आमच्या नागपुरात एका बाईने विचारलेला प्रश्न आजही अनेकांना झोंबतो. त्या बाईचे नाव जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडचा, महार कुटुंबातला. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब नागपूरला आले. नवव्या वर्षी लग्न झाले. पोटासाठी नागपूर-कामठी ओझी वाहण्याचे काम त्यांनी केले. मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंमुळे मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर शिक्षिकेची नोकरी मिळाली. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते, हे सवर्ण पालकांना सहन झाले नाही आणि ती नोकरी सुटली. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. इथे शिक्षिकेच्या शिकवण्याबद्दल तक्रार नव्हती, तिच्या जातीबद्दल होती.

जाईबाई थांबल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली. शिकवण्याचा हक्क नाकारला गेला, तेव्हा त्यांनी शाळाच उभी केली.

१९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. ही परिषद १९२७ साली पुण्यात सुरू झाली होती. स्त्रियांचे शिक्षण, त्यांचे कायदेशीर हक्क हे तिचे विषय, आणि त्या कामाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण याच अधिवेशनात जेवणाच्या वेळी अस्पृश्य स्त्रियांना वेगळे बसवले गेले. व्यासपीठावर सर्व स्त्रियांचे नाव घ्यायचे आणि पंगतीत मात्र जात पाळायची! जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणींनी हा अपमान गिळला नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सभा घेऊन त्यांनी जाहीर निषेध केला.

आज समाजशास्त्राच्या वर्गात जात, वर्ग आणि लिंगभाव एकत्र पाहायला शिकवतात. त्यासाठी वापरला जाणारा आंतरछेदिता हा सिद्धांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय विदुषी किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली मांडला. आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण स्त्री म्हणून बोलावून जात म्हणून वेगळे बसवण्यातला अन्याय जाईबाईंनी अर्धशतक आधी चव्हाट्यावर आणला होता. त्यांच्या निषेधाला सिद्धांताचे नाव मिळाले नाही, एवढाच फरक.

हा निषेध एकटा राहिला नाही. जुलै १९४२ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले त्याच अधिवेशनाला जोडून, २० तारखेला नागपुरात दलित महिला परिषद झाली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया आल्या. बाबासाहेबांनी त्यांना मार्गदर्शन केले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा आणि पेन्शन, मुलींसाठी वसतिगृहे, कायदेमंडळात प्रतिनिधित्व, असे ठराव या परिषदेत झाले. हिंदू कोड बिलावर संसदेत वादळ उठले ते नंतर. आमच्या आयाबाया त्यातले प्रश्न आधीच मांडून मोकळ्या झाल्या होत्या.

मग हे सारे शालेय पुस्तकात का नाही? कारण लिहिणारे हात कोणाचे होते, ते आपण जाणतो. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी जाऊन कार्यकर्त्या स्त्रियांना बोलते केले आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. त्या दोघी फिरल्या नसत्या, तर किती नावे कायमची पुसली गेली असती!

पण बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवून चालणार नाही. जयंतीच्या मंचावर आज आपण किती भगिनींना बोलू देतो? त्यांच्याकडे हार आणि स्वागतगीत सोपवायचे आणि माइक आपल्याकडे ठेवायचा, हीसुद्धा वेगळी पंगतच आहे.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, एक काम हाती घ्या. इंदोरा असो, पाचपावली असो की उमरेड, आपल्या वस्तीतल्या सत्तरी-ऐंशीतल्या आजींकडे जा. दीक्षाभूमीच्या, मोर्चांच्या, नामांतराच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख आणि नाव लिहून ठेवा. इतिहास आपण लिहिला नाही, तर तो आपल्याशिवायच लिहिला जाईल.

जय भीम!