बोनसची दिवाळी

गेल्या वर्षी आपल्या दिवाळी कार्यक्रमाला मी तिकिटांच्या टेबलावर बसले होते. दरवर्षी लवकर येऊन खुर्च्या मांडायला मदत करणारं एक कुटुंब त्या दिवशी आलंच नाही. भारतात गेले असतील, असं वाटून मी विषय सोडून दिला. जानेवारीत इंडियन ग्रोसरीच्या दुकानात त्यांची गाठ पडली, तेव्हा खरं कळलं. सप्टेंबरमध्ये त्याची नोकरी गेली होती. घरात व्हिसाचे साठ दिवस मोजणं चाललं होतं, आणि चौघांच्या तिकिटांचे पैसे त्या महिन्यात जड होते.

"अगं, मला एक फोन करायचास ना!" मी म्हटलं.

"काय म्हणून करायचा, ताई? दिवाळीला पैसे नाहीत म्हणून?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र आमची परळची चाळ आठवली आणि १९८२ची दिवाळी आठवली. त्या वर्षी आमच्या मजल्यावर कुणालाही असा फोन करावा लागला नव्हता. ते का, हे सांगायचं तर आधी बोनसची गोष्ट सांगायला हवी. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना बोनस म्हणजे कंपनीच्या वर्षअखेरच्या पत्रातला आकडा. गिरणगावात बोनस म्हणजे दिवाळी.

मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली १८५४ मध्ये. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून माणसं परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळीला आली. बरेच पुरुष एकटे राहायचे, एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि गावी मनीऑर्डर पाठवायचे. पगार महिन्यानं आणि तोही उशिरा. तोवर वाण्याच्या वहीवर उधारी चालायची, आणि वाणी थांबला की पठाणाकडून व्याजानं पैसे घ्यायचे. सण आला की खर्च वाढायचा, पगार तेवढाच राहायचा. म्हणजे दिवाळी गोड करायची तर कर्ज काढूनच.

दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्ट तुम्हीही वाचली असेल. पूर्वी आठवड्याला पगार मिळायचा, चार आठवड्यांचा महिना धरला तर वर्षाचे तेरा पगार व्हायचे. इंग्रजांनी मासिक पगार सुरू करून तेरावा पगार खाल्ला, तो परत मिळाला तोच दिवाळी बोनस, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे, पण मुंबईच्या गिरण्यांत तसं घडलं नाही. तिथे बोनस आला तो महागाईमुळे.

पहिल्या महायुद्धात धान्याचे आणि कापडाचे भाव भडकले. गिरण्यांना चिक्कार नफा होत होता आणि तिथल्या कामगाराला पोट भरणं कठीण झालं होतं. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर १० टक्के 'युद्ध बोनस' दिला, पुढे तो १५ टक्के केला. युद्ध संपल्यावर १९१९ ते १९२२ या वर्षांसाठी साधारण एका महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळत गेला. चार वर्षं एखादी रक्कम हातात पडली की घरं त्यावर विसंबतात. १९२३ साठी मालकांनी बोनस नाकारला, आणि १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले.

सरकारनं मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा, की बोनसवर कामगारांचा रूढीनं, कायद्यानं किंवा न्यायबुद्धीनं कुठलाच हक्क सिद्ध होत नाही. साध्या मराठीत सांगायचं तर, मालकानं खूश होऊन दिलेली ती बक्षिशी होती. आता तो खूश नाही. संप फसला.

बक्षिशी की हक्क, या प्रश्नाचा निकाल लागायला पुढची चाळीस वर्षं गेली. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत रेशनिंग आलं, महागाई पुन्हा वाढली आणि बोनसही पुन्हा सुरू झाला. १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्याच एका दाव्यात कामगार अपील न्यायाधिकरणानं म्हटलं, की कारखान्याची कमाई भांडवल आणि श्रम या दोघांची असते; तेव्हा ठरावीक खर्च वजा जाता जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा असायला हवा. १९६१ मध्ये मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. कंपनीला नफा होवो न होवो, वर्षाच्या पगाराच्या ४ टक्के किंवा ४० रुपये, यांतली जास्त असेल ती रक्कम द्यायलाच हवी असं ठरलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे ४ टक्के ८.३३ झाले. १२ महिन्यांच्या पगाराचे ८.३३ टक्के म्हणजे जवळजवळ एक महिन्याचा पगार. आणीबाणीत ते पुन्हा ४ वर आणले गेले आणि १९७७ मध्ये परत ८.३३ झाले.

या कायद्यातल्या दोन बारीक गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे, त्यात 'पूजा बोनस' असा शब्दच आहे. सणाला म्हणून आगाऊ दिलेली रक्कम वर्षाच्या बोनसमधून वळती करता येते. कायदा लिहिणाऱ्यांना सण दिसत होता. दुसरी म्हणजे, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा लागतो. वर्ष ३१ मार्चला संपत असेल तर ही मुदत ३० नोव्हेंबरला संपते, आणि दिवाळी त्याच्या आधी येते!

बोनस वाटला त्या संध्याकाळी चाळीत काय व्हायचं ते सांगते. बाबा पैसे आईच्या हातात द्यायचे आणि ती जमिनीवर त्यांच्या चळती लावायची. पहिली चळत वाण्याची उधारी फेडायला, दुसरी गावी आजीला मनीऑर्डर करायला, तिसरी कापडाला. आम्हा तिन्ही भावंडांना एकाच ताग्यातलं कापड. त्यातून दोन शर्ट आणि माझा फ्रॉक शिवून व्हायचा. उरलेल्या पैशांत रवा, मैदा, डालडा आणि पोहे. दिवाळीला रेशनवर थोडी जादा साखर मिळायची, तिच्यासाठी आम्ही मुलं पहाटेपासून रांगेत उभी राहायचो. चाळीतल्या बायकांची भिशी असायची. दर महिन्याला सगळ्या सारखी रक्कम टाकायच्या, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे मिळायचे. दसरा-दिवाळीच्या सुमाराची चिठ्ठी आपली निघावी म्हणून प्रत्येकीचा देवाला नवस.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. बोनस सगळ्यांना एकाच दिवशी मिळायचा आणि भिशीत सगळ्या सारखेच पैसे भरायच्या. त्यामुळे सणासाठी कुणाला कुणापुढे हात पसरावा लागायचा नाही. कमाई बेताची होती, पण सणाचा खर्च वर्षाच्या हिशेबातच धरलेला होता.

मग १९८१ साल आलं. ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गिरण्यांतला बोनसचा करार बऱ्याच कामगारांना पटला नाही. काही गिरण्यांतले कामगार थेट घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या घरी गेले आणि आमचं नेतृत्व करा म्हणाले. बोनसवरून पेटलेल्या असंतोषात पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं या मागण्या आल्या, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याचं कधीच जाहीर झालं नाही. कित्येक गिरण्या पुन्हा पूर्ण सुरू झाल्याच नाहीत.

१९८२ ची दिवाळी नोव्हेंबरात आली. संपाला दहा महिने झाले होते. बरेच कामगार गावी शेतीवर परत गेले होते, काहींना गावाकडून धान्य येत होतं. घरातली भांडी, मग दागिने, असं एकेक मोडत गेलं. खानावळी चालवणाऱ्या बायकांचे तर फारच हाल झाले, कारण जेवणारेच गावी गेलेले. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. त्याआधीच्या एका लांबलेल्या संपात या बायकांनी अंगावरचं सोनं गहाण टाकून कामगारांना उधारीवर जेवू घातलं होतं. तेव्हाची ती उधारी निदान नंतर फिटली. या वेळी फिटेल का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या मजल्यावर बारा खोल्या. त्यातल्या नऊ खोल्यांत संपकरी. उरलेल्या तिघांपैकी एक काका पोस्टात होते. त्यांचा पगार चालू होता. वसुबारसेच्या आधी त्यांच्या घरची काकू आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "वहिनी, या वर्षी मी घरात वेगळं काही तळणार नाही. मजल्याचं मिळून एकच करूया." तीच मग खोलीखोलीत जाऊन हे सांगून आली.

कुणी गावचे तांदूळ दिले, कुणी रेशनची साखर, कुणी अर्धा किलो पोहे. तेल बहुतेक काकूनंच आणलं असावं. तिनं तसं कधी सांगितलं नाही आणि आईनं विचारलं नाही. गॅलरीत एकच स्टोव्ह पेटला. पदार्थ दोनच केले, चिवडा आणि शंकरपाळी. माणसं मोजून वाटे झाले. पोस्टातल्या काकांच्या घरीही तेच दोन पदार्थ. आकाशकंदील मजल्यात एकच, आम्ही मुलांनी पतंगाच्या कागदाचा केलेला.

आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, रुमालानं झाकलेली फराळाची ताटं नेहमीसारखी एका घरातून दुसऱ्या घरात गेली. प्रत्येक ताटात तोच चिवडा, तीच शंकरपाळी! मी आईला म्हटलं, "यांच्याकडे पण हेच आहे, मग द्यायचं कशाला?" आई म्हणाली, "ताट रिकामं परत करत नाहीत. जा, देऊन ये."

मंडळी, आता परत त्या ग्रोसरीच्या दुकानात येऊ. "मला फोन करायचास" असं मी म्हटलं, आणि मला वाटलं मी मोठ्या मनानं बोलले. पण १९२४ च्या समितीनं कामगारांना दिलेलं उत्तर आणि माझं उत्तर यात तसा फार फरक नव्हता. मागाल तर देऊ, आणि देणं न देणं आमच्या मर्जीवर. पोस्टातल्या काकूनं कुणाच्या फोनची वाट पाहिली नव्हती. ज्यांचा पगार चालू होता त्यांच्याकडून पहिला शब्द आला, आणि तोही आपल्या घरचा थाट कमी करून.

आपल्यातले जे ज्येष्ठ साठच्या दशकाच्या अखेरीस या देशात आले, ते खिशात आठ डॉलर घेऊन आले, कारण सरकार तेवढंच परकीय चलन नेऊ देत होतं. भाड्याच्या नाहीतर मागून घेतलेल्या हॉलमध्ये, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणून त्यांनी इथल्या पहिल्या दिवाळ्या केल्या. त्या काळाच्या गमतीजमती ते आपल्याला सांगतात. पण त्यात कुणालाच तिकीट जड झालं नाही, ही गोष्ट सांगायची राहून जाते. आज आपल्याकडे केटरर आहे, भारतातून आलेले गायक आहेत आणि स्टेजमागे मोठा पडदा आहे. हे सगळं हवंहवंसं आहेच. पण त्याचा खर्च तिकिटात येतो, आणि ज्याची नोकरी सप्टेंबरात जाते तो नोव्हेंबरात गप्प घरी बसतो.

म्हणून पुढच्या वर्षासाठी मी कार्यकारिणीपुढे तीन गोष्टी मांडल्या आहेत. तिकिटाच्या फॉर्मवर पूर्ण, अर्धं आणि शून्य असे तीन पर्याय सगळ्यांना दिसावेत. कारण विचारू नये, आणि कुणी काय निवडलं ते खजिनदाराशिवाय कुणाला कळू नये. फराळ बाहेरून न मागवता दोन शनिवार एकत्र जमून आपणच करावा. इथे वाढलेल्या मुलांना करंजीची मुरड घालायला शिकवायचं निमित्तही होईल. आणि जानेवारीपासून ज्याला जमेल त्यानं भिशीसारखी दरमहा थोडी रक्कम टाकावी, म्हणजे शून्याच्या तिकिटांचा भार एकाच देणगीदारावर पडणार नाही. सर्वसाधारण सभेत यावर मत द्यायला जरूर या. विरोधात बोलायचं असेल तरी या.

ते कुटुंब आता आपल्यात नाही. पन्नासाव्या की बावन्नाव्या दिवशी त्याला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली आणि मार्चमध्ये ते सामान हलवून गेले. जाताना ती माझ्याकडे एक डबा परत द्यायला आली होती, कधीतरी मी लाडू दिले होते तो. डब्यात शंकरपाळी होती.