एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

एका संगणकात अनेक संगणक नांदविण्याची कल्पना आजची नव्हे. १९६०च्या दशकात संगणक म्हणजे खोली अडविणारे आणि मोठ्या संस्थेलाच परवडणारे यंत्र होते. माणसे अनेक, यंत्र एक. तेव्हा पाळीची वाट पाहणे आलेच. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या शास्त्रीय केंद्राने यावर तोड काढली. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एक कारभारी प्रणाली बसविली. सगळे यंत्र आपल्या एकट्याचेच आहे, असे ती प्रत्येकाला भासवीत असे. १९७२ मध्ये हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांपुढे आली.

हे समजावयास ओझरकराला परदेशी जावयास नको. वाघाड धरण एक, शेते अनेक. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास येथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून, हिश्शाप्रमाणे देण्याची रीत घातली. कारभारी प्रणालीचे कामही हेच. रॅम, डिस्क आणि प्रोसेसरचा वेळ तिने मोजून द्यावयाचा, आणि एकाचा पाट फुटला तरी शेजाऱ्याचे शेत बुडू द्यावयाचे नाही.

घरगुती यंत्रांत ही सोय उशिरा आली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती करून दाखविली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तिला आधार दिला. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आले, आणि २००८ मध्ये व्हिएन्नाच्या एका कंपनीने त्यावर प्रॉक्समॉक्स रचले. आज कचेरीतून निघालेल्या जुन्या संगणकावरही घरची छायाचित्रे, मुलांचा अभ्यास, लेखकाची हस्तलिखिते निरनिराळ्या बिऱ्हाडांत ठेवता येतात. प्रोसेसर मध्यम असला तरी चालतो. रॅमच्या बाबतीत मात्र हात आखडू नये, कारण प्रत्येक बिऱ्हाड आपला वाटा अडवून बसते.

परंतु खरा प्रश्न किल्ली कोणाच्या कमरेला, हा आहे. १९६४ साली ओझरला मिग-२१ विमाने बांधण्यासाठी कारखाना उभा राहिला. हात आपले, घाम आपला. आराखडा आणि परवाना मात्र सोव्हिएत रशियाचा. त्या गावाला परवान्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. २०२४च्या आरंभी तिच्या ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती बंद झाली. २०२५ मध्ये ती पुन्हा मिळू लागली. दोन्ही वेळा भाडेकऱ्याला कोणी विचारले नाही.

केव्हीएमची संहिता सर्वांना खुली आहे. ती शिकावयास कष्ट पडतात, हे खरे. पण मालक बदलला म्हणून ती कोणी काढून घेऊ शकत नाही. घरासाठी निवड करताना किमतीआधी हे पाहावे. आणि सामानाची एक प्रत नेहमी वाड्याबाहेर ठेवावी, कारण आग लागली की ती बिऱ्हाडे मोजीत बसत नाही.