वऱ्हाडातली हत्यारबंदी

देऊळगाव राजा हे सिंदखेडच्या जाधवरावांचे गाव. जिजाबाईंचे माहेर ते हेच घराणे. आज हे गाव बालाजीमुळे आणि आश्विनातल्या यात्रेमुळे ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र त्याची नोंद इंग्रजांच्या दप्तरात वेगळ्या कारणाने झाली. १८५१ मध्ये बाजीराव जाधवांच्या पदरी असलेल्या अरबांनी निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिंजंट फौजेशी निकराची झुंज दिली. झुंज हरल्यावर जाधवांची पिढीजात जहागीर जप्त झाली. बाजीराव कैदेत पडले आणि १८५६ मध्ये कैदेतच वारले. या झुंजीनंतर दोन वर्षांनी, १८५३ च्या तहात, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. हत्यारांवर सरकारचा ताबा आल्याने हिंसा कमी होते का, हा प्रश्न वऱ्हाडाच्या या भागात तेव्हापासून आजपर्यंत वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे.

हे अरब मूळचे बहुतेक हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनमधले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसले, पेशवे, निजाम आणि लहानमोठे जहागीरदार सगळेच त्यांना चाकरीत घेऊ लागले. कमरेला वाकडा जंबिया आणि खांद्यावर लांब नळीची तोड्याची बंदूक असा त्यांचा सरंजाम असे. ती भरायला वेळ लागे. नळीत दारू आणि गोळी ठासायची, कानात रंजक घालायची, पेटती जामगी सांभाळत नेम धरायचा. पावसात तर सगळेच मुसळ केरात. उघड्या मैदानावर कवायती पलटणीपुढे अशा बंदुकीचा टिकाव लागत नसे. पण वऱ्हाडातल्या गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांच्या भिंतीआडून तीच बंदूक जीवघेणी ठरे. जाड मातीच्या भिंतीत तोफेचा गोळा रुतून बसे, आणि आतला अरब शांतपणे दुसरी गोळी ठासत असे. १८१९ मध्ये हदगावजवळ नौसाजी नाईक या हटकर सरदाराच्या गढीत अरब असेच लढले होते.

त्यांच्या हातातली बंदूक मुख्यतः थकलेल्या पगाराच्या वसुलीसाठी चाले, शत्रूवर चालण्याची वेळ त्या मानाने क्वचित येई. सरकारकडे पैसा नसे, तलब महिनोन्‌महिने चढत जाई, मग जमादार दारात धरणे धरून बसत. मालकाला अन्नपाणी आत नेऊ देत नसत, बाहेर पडू देत नसत. निजामाच्या राज्यात तर अरब जमादारच सावकार झाले होते. सरकारला कर्ज द्यायचे, त्याच्या बदल्यात परगण्यांचा वसूल गहाण घ्यायचा आणि किल्ल्यात आपली माणसे ठेवायची, असा तो व्यवहार. दोन पक्षांच्या करारात अरबांची हमी हीच पक्की हमी मानली जाई, इतका त्यांच्या शब्दाचा दरारा. त्यामुळे गावावर होणारा जुलूम आणि गावाला मिळणारे संरक्षण बऱ्याचदा एकाच बंदुकीतून येत असे, आणि रयतेला त्या दोन्हींत फारसा फरक जाणवत नसे.

हत्यारे काढून घेण्याचा पहिला मोठा प्रयोग या प्रदेशात १८१७-१८ मध्ये झाला, आणि तो कायद्याने झाला नाही, सौद्याने झाला. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांचे अरब नागपूर शहर धरून बसले. इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवून लावला. शेवटी डिसेंबर १८१७ अखेर चढलेल्या पगारापोटी रक्कम घेऊन, बायकामुले बरोबर ठेवून आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या सोबतीने मलकापूरपर्यंत सुखरूप पोचवण्याच्या बोलीवर ते बाहेर पडले. मलकापूर देऊळगाव राजासारखेच आजच्या बुलढाणा जिल्ह्यात येते. पुढे त्यातले काही खानदेशात जाऊन पुन्हा लढले. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी १८१८ च्या जूनपर्यंत दाद दिली नाही. खानदेश ताब्यात आल्यावर एल्फिन्स्टन आणि ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यांनी अरबांची थकबाकी चुकती करून त्यांना जहाजाने परत धाडण्याचे धोरण राबवले. निजामाच्या मुलखात मात्र तसे कोणी केले नाही. तिथे अरब राहिले, वाढले, आणि देऊळगाव राजासारख्या ठिकाणी पुढची तीसेक वर्षे टिकून राहिले.

वऱ्हाडात या काळात एक धनी कधीच नव्हता. भोसले आणि निजाम यांची दुअम्मली होती, म्हणजे एकाच गावातून दोन सरकारे वसूल घेत. १८०३ मध्ये असई आणि अडगावच्या लढायांनंतर भोसल्यांचा हक्क गेला, पण निजामाचा अंमल कागदावरच राहिला. पेंढाऱ्यांची धाड १८१८ पर्यंत चालू होती. पाटील-देशमुखांना गढी आणि पदरी चार बंदूकधारी ठेवल्याशिवाय गाव राखता येत नसे. अशा वेळी कोणाकडून हत्यार काढून घेणे म्हणजे त्याला शेजारच्या टोळीच्या तोंडी देणे, हे तिथल्या कोणालाही सांगावे लागत नव्हते.

१८५३ नंतर हे बदलले, पण एका दिवसात नाही. १८५९ मध्ये रिसोडजवळच्या चिचांबा गावात रोहिल्या पठाणांच्या टोळीला कंटिंजंटने गाठले, तेव्हा गावाच्या भिंतीआडून पुन्हा तशीच लढत झाली आणि एक इंग्रज कॅप्टन मारला गेला. त्यानंतर अशा लढाया थांबत गेल्या. त्याची कारणे शोधताना बंदुकांच्या जप्तीपेक्षा इतर गोष्टी जास्त दिसतात. वसुली एकाच सरकारकडे आली. जमिनीची मोजणी होऊन रयतवारी बसली, त्यामुळे शेतसारा ठरलेला आणि माहीत असलेला झाला. फौजेला आणि पोलिसांना पगार महिन्याच्या महिन्याला मिळू लागला. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला आणि मागोमाग मलकापूर, अकोला करत रेल्वे नागपूरला गेली. ज्याला चाकरी म्हणून बंदूक धरावी लागत होती, त्याला आता गाडीभर कापूस विकणे जास्त फायद्याचे होते. भाडोत्री शिपायाला गिऱ्हाईकच उरले नाही.

इथे तारखा महत्त्वाच्या ठरतात. सशस्त्र टोळ्यांचा उपद्रव १८६० च्या दशकात ओसरला. हिंदुस्थानभर लागू झालेला शस्त्रकायदा आला तो १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. १८५७ च्या उठावानंतर लगेच तात्पुरते कायदे झाले होते आणि अवधमध्ये लाखो हत्यारे गोळा करून पंधराशेहून जास्त गढ्या पाडल्या होत्या, पण १८७८ च्या कायद्याने परवान्याची पद्धत कायमची केली. युरोपियनांना त्यातून सूट होती, हिंदी माणसाला नव्हती. हा वांशिक भेद नियमांतून निघायला १९२० उजाडले. टोळ्या मोडल्याचे श्रेय या कायद्याला देता येत नाही, कारण तो आला तेव्हा त्या मोडून गेल्या होत्या. त्याचे मूळ राज्यकर्त्यांच्या भीतीत होते.

ती भीती निराधार नव्हती, आणि कायद्याने ती दूरही झाली नाही. कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन पुणे परिसरात बंड केले. १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी पुण्यात प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली. १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेरे यांनी नाशिकला कलेक्टर जॅक्सनला मारले ते ब्राउनिंग पिस्तुलाने, आणि ते पिस्तूल सावरकरांनी लंडनहून धाडलेल्यांपैकी होते. खेड्यातल्या शेतकऱ्याची बंदूक सरकारने परवान्यात बांधली, पण ठरवून मारायला निघालेल्या मूठभर तरुणांना हत्यार मिळायचे थांबले नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ च्या जूनमध्ये ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या केसरीतल्या अग्रलेखात नेमका हाच मुद्दा मांडला. स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा नुकताच झाला होता. बाँब ही कारखान्यात करायची वस्तू नसून थोड्या सामानावर आणि माहितीवर भागणारी गोष्ट आहे, तेव्हा ती कायद्याच्या चिमटीत सापडणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा सारांश. या लेखनासाठी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. टिळकांच्या तर्कात एक बाजू मात्र सुटली आहे. राजकीय हत्येला कायदा आवरत नाही हे खरे, पण बांधावरच्या भांडणात हाताशी बंदूक असणे आणि नसणे यात फरक पडतो.

शस्त्रबंदी ही राष्ट्राची मानहानी आहे ही भावना पुढे काँग्रेसच्या कार्यक्रमात शिरली. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीही जानेवारी १९३० मधल्या आपल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मागितले होते, आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला गेला. स्वातंत्र्य आले तेव्हा हिशेब उलटला. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद ह. वि. कामत यांनी कराची ठरावाची आठवण देऊन हा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा सरसकट हक्क दिला तर दरोडेखोर आणि गुंडांनाही तो सांगता येईल, मग त्यांना वगळणार कसे, हा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानात शेवटी शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य तेवढे आले. फाळणीच्या दंगली ताज्या असताना दुसरे काही होणे कठीणच होते.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, आणि त्याचा सांगाडा आजही तोच आहे. देऊळगाव राजा तालुक्यातल्या माणसाला बंदूक हवी असेल तर बुलढाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग पोलिसांचा चौकशी अहवाल, मग कारण पटले तर परवाना. निवडणूक लागली की जिल्हा प्रशासनाच्या आदेशानुसार हत्यार ठाण्यात जमा करावे लागते. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचे धारदार हत्यारही कायद्याच्या कक्षेत येते, पण घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारे वगळली आहेत. म्हणजे विळा, कोयता, कुऱ्हाड यांना परवाना लागत नाही. दसऱ्याला त्यांचीही पूजा होते, आणि बांधावरच्या वादात उचलली जातात तीही बहुधा हीच.

कायद्यात शेतकऱ्यासाठी एक खास सोय आहे: पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. जुन्या काळी रानडुकरे आणि रोही हुसकायला तिचा बार पुरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीशिवाय या जनावरांना मारणे गुन्हा ठरला, त्यामुळे परवान्याची बंदूक असली तरी गोळी घालता येत नाही. मग काही जण शेताच्या कुंपणाला चोरून वीज सोडतात. त्या तारेला जनावर चिकटते, तसा रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीही चिकटतो. बंदुकीवरच्या नियमांचा हा परिणाम कोणत्याही गुन्ह्याच्या आकडेवारीत शस्त्र या सदराखाली येत नाही.

केंद्रीय गृहखात्याच्या नोंदींनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३.७ लाख शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२.७ लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. देशात वर्षाला अठ्ठावीस-तीस हजार खून होतात. त्यांतले थोडेच बंदुकीने होतात, आणि त्या बंदुकाही बहुतेक बिनपरवाना असतात. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या, त्यानंतर बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या आणि खून दोन्ही घटले. तिथे बंदुका घराघरांत होत्या, म्हणून परत घेता आल्या. विदर्भातल्या घरात आत्महत्येचे साधन बंदूक नाही, कीटकनाशकाचा डबा आहे. तिथे ऑस्ट्रेलियाचा धडा लावायचा तर तो औषधांच्या विक्रीला लावावा लागतो, आणि श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घालून आत्महत्या घटवल्याही आहेत.

बिनपरवाना हत्यारांचा या भागातला स्रोत उत्तरेकडे आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांना लागून सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशाचा बऱ्हाणपूर जिल्हा. तिथले पाचोरी, आणि चोपड्याच्या हद्दीवरचे उमर्टी, ही गावे गावठी कट्ट्यांसाठी पोलिसांच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे येतात. तिथे पिस्तुले घडवणारे प्रामुख्याने शिकलगार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलवारींना धार आणि झिलई देणारे कारागीर. संस्थानी फौजा संपल्या आणि परवान्याचा कायदा आला, तसे त्यांचे गिऱ्हाईक गेले, कसब राहिले. खानदेशातल्या अरबांना थकलेला पगार देऊन परत पाठवले होते. या कारागिरांच्या हातातले काम काढून घेताना दुसरे काम मात्र पुरेसे दिले गेले नाही. छापे पडतात, भट्ट्या मोडल्या जातात, काही दिवसांनी त्या पुन्हा पेटतात.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोन केल्या आणि बेकायदा कारखानदारी व विक्रीच्या शिक्षा वाढवल्या. त्यानंतरची परवान्यांवरची मोठी चर्चा मराठवाड्यात झाली. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे पुढे आले. समाजमाध्यमांवर बंदूक मिरवणाऱ्यांची छायाचित्रे फिरली, प्रशासनाने फेरतपासणी करून शेकडो परवाने रद्द केले. ती हत्या बंदुकीने झाली नव्हती, अपहरण करून अमानुष मारहाणीत झाली होती. तरीही परवाने रद्द करणे निरर्थक म्हणता येत नाही. कमरेला लावलेले पिस्तूल तिथे गोळी झाडण्यासाठी नसते, खंडणी मागताना दिसावे म्हणून असते, आणि वसुलीसाठी दारात बसलेल्या अरबाच्या बंदुकीचेही काम तेच होते. १८५१ मध्ये देऊळगाव राजाला ते काम फौज आणून थांबवावे लागले. बीडमध्ये ते थांबवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीच्या कागदाने सुरू झाले आहे. परवान्याबाहेरच्या कट्ट्यांना मात्र तो कागद लागू होत नाही.