७८ मिनिटांची फाइल

२८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी सुरक्षा कंपनी ‘फाल्कन’ या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती देते. हल्ला ओळखायच्या एका नव्या नियमात २१ रकाने आहेत. तो तपासणाऱ्या कोडच्या हाती मात्र २०च येतात. मार्च-एप्रिलमध्ये एकविसाव्या रकान्यात कोणी डोकावतच नाही. चूक दडून राहते.

शुक्रवार, १९ जुलै, भारतात सकाळी ९.३९. त्या नियमासाठीच्या ‘चॅनेल फाइल २९१’ची नवी प्रत जगभर सुटते. ही प्रत एकविसावा रकाना तपासायला सांगते. फाल्कन बसतं विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये. तिथे नसलेल्या जागी हात घातला की अख्खं मशीनच कोसळतं.

पुढचा तास. निळा स्क्रीन, रिस्टार्ट, पुन्हा निळा स्क्रीन. तळेगाव-लोणावळ्यात घरून काम करणाऱ्याचा पावसाळ्यात पहिला संशय लाइटवरच जायचा. पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि त्याच बोर्डावरचा घरचा पीसी मजेत चालू असेल, तर लाइट निर्दोष. गरम झाला म्हणावं, तर सुरू होता होताच पडणाऱ्याला तापायला वेळ कुठे? रॅम गेली म्हणावी, तर सहकाऱ्यांचीही त्याच सकाळी कशी जाईल? उरतं निळ्या स्क्रीनवरचं बारीक अक्षरातलं नाव: ‘सीएसएजंट.एसवायएस’. फाल्कनचा ड्रायव्हर. राखणदारानंच घर पाडलेलं.

१०.५७. कंपनी सदोष फाइल मागे घेते. ७८ मिनिटं झाली. त्या वेळात बंद असलेली मशीन वाचली. पडलेल्यांतली काही रिस्टार्ट होता होता नवी फाइल ओढून घेतात; बाकीची नेटला जोडण्याइतका वेळही उभी राहत नाहीत.

दुपार ते रात्र. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. एकट्या इंडिगोची १९२ उड्डाणं रद्द. हा सायबर हल्ला नाही, असं क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ सांगतात. ‘सर्ट-इन’ ही भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था उपाय देते: सेफ मोडमध्ये जा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल डिलीट करा, रिस्टार्ट करा. काम दोन मिनिटांचं, पण प्रत्येक मशीनपुढे माणूस हवा. त्यात डिस्कला विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप असेल, तर आधी ४८ आकडी किल्ली. ऑफिसातल्या आयटीवाल्यानं ती फोनवर सांगायची आणि घरी बसलेल्यानं एकेक आकडा टाइप करायचा. नाहीतर लॅपटॉप काखेत मारून हिंजवडीतलं ऑफिस गाठायचं.

२० जुलै. मायक्रोसॉफ्टचा अंदाज येतो: ८५ लाख मशीन. विंडोजवर चालणाऱ्या एकूण मशीनच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ती विमान कंपन्यांची, बँकांची, इस्पितळांची.

६ ऑगस्ट. क्राउडस्ट्राइक २१ आणि २० रकान्यांचा हिशेब जाहीर करते. अशा फायली यापुढे टप्प्याटप्प्यानं सोडण्याचंही ठरतं.

घरच्या पीसीत फाल्कन नसतं, तरी तपासाची रीत तीच. एररचा स्क्रीन वाचायच्या आत निघून जात असेल, तर विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढा, मग तो थांबतो आणि बऱ्याचदा ड्रायव्हरचं नावही सांगतो. एररचा स्क्रीन न दिसता फटकन अंधार होत असेल, तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), पंखा आणि लाइटकडे वळा. या क्रमानं गेलात, तर नवा एसएमपीएस आणायचा खर्च कदाचित वाचेल.