सुताची वर्गणी : बेळगाव काँग्रेस, १९२४

महात्मा गांधी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला भरले. मावळते अध्यक्ष होते मौलाना मोहम्मद अली. त्यांच्याच दिल्लीतील घरी गांधीजींनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी सप्टेंबरमध्ये २१ दिवसांचा उपवास आरंभला होता. स्वराज्य मागणाऱ्याने आधी स्वतःला शिस्त लावावी, ही त्यांची भूमिका बेळगावात थेट नियमात उतरली: सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी दरमहा २००० वार सूत. मात्र ज्याची कातण्याची इच्छा नसेल, त्याने दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालणार होते. सद्गुण असा उसना मिळू लागल्यावर अट टिकणे कठीणच होते. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत चार आण्यांचा पर्याय परत आला आणि चरख्याचे काम नव्या अखिल भारतीय चरखा संघाकडे गेले.