शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात खाली काय टाकावे? तूस, भुसा नकोच

कर्जत/खालापूर : फार्महाऊसवर कुणी हौसेने परदेशी शॅमेलिऑन आणला, की त्याची देखभाल बऱ्याचदा गावातल्याच माणसाकडे येते. मग कोंबड्यांखाली टाकतो तसे भाताचे तूस नाहीतर लाकडाचा भुसा पिंजऱ्यात पसरला जातो. कोंबडीला ते चालते, पण शॅमेलिऑनच्या जिवावर बेतू शकते.

आधी कायदा
आपल्या देशातला शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. कुंपणावर मान लाल करून डोके हलवतो तो साधा सरडा, शॅमेलिऑन नव्हे. व्हेल्ड शॅमेलिऑनसारखी परदेशी जात असेल तर मालकाने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद करायला हवी.

तळ मोकळाच बरा
हा प्राणी झाडावर राहणारा. त्याला पायाखाली फांदी लागते, अंथरूण नाही. तो लांब चिकट जीभ फेकून किडा धरतो. किडा तळावर असला तर तूस, भुसा, रेती जिभेला चिकटून पोटात जाते आणि आतडे तुंबू शकते. म्हणून तळ उघडा ठेवावा किंवा साधा कागद अंथरून तो रोज बदलावा. त्यामुळे विष्ठा लगेच दिसते आणि सोडलेले किडे लपून राहत नाहीत.

काय टाळावे
• तूस, पेंढा, भुसा : ओल धरून बुरशी येते.
• रेती, बारीक खडी : पोटात गेली की अडकते.
• खत, औषध मारलेली शेतातली माती : विषबाधेचा धोका.

शॅमेलिऑनला पाणी फवारून द्यावे लागते. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात हवाच दमट. त्यामुळे पिंजरा जाळीचा असावा आणि तळाला पाणी निघून जायला भोके ठेवून खाली ताट ठेवावे. झाडाची कुंडी ठेवल्यास मातीवर तोंडात मावणार नाहीत असे मोठे गोटे रचावेत.

मादी असेल तर माती हवीच
व्हेल्ड जातीची मादी नराशिवायही अंडी घालते. एका खेपेला २० ते ७०, कधी त्याहूनही जास्त. ती जमिनीत बीळ खोदूनच अंडी घालते. माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून मादी मरू शकते. मादी वयात आली की पिंजऱ्यात बादली किंवा खोल टब ठेवून त्यात फूटभर माती भरावी. बिनखताची माती आणि धुतलेली बारीक रेती मिसळावी. नुसती खाचरातली चिकण माती नको, ती वाळली की दगडासारखी होते. ओल वाफशाएवढी असावी. मूठ दाबली की गोळा झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये.

मादी खाणे कमी करून तळ खरवडू लागली की पिंजऱ्यावर कापड टाकावे आणि सारखे डोकावू नये. खोदूनही अंडी पडली नाहीत, ती मलूल झाली, डोळे मिटून बसली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यावे.

सरडगुहिरा सापडला तर
तो विषारी नाही. मारू नका, घरीही नेऊ नका. रस्त्यावर असेल तर काठीवर चढवून जवळच्या झाडावर सोडा. जखमी असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवा.